काढून घेतलेली टाचणी

माझ्या टेबलाच्या खणात टाचण्यांची एक डबी असते. गावाहून आईचा फोन आला की ती दर वेळी विचारते, "तिथं नेमकं काम काय करतं वं तू?" मी सांगते, "पुस्तकांना टाचण्या टोचते." मग ती हळूच म्हणते, "जावईबापूची नोकरी चालू आहे ना?"

या अंकासाठी कामाबद्दल लिहा असं सांगणं आलं तेव्हा मी तीनदा नाही म्हटलं. सातवी झालेल्या बाईने दिवाळी अंकात काय लिहायचं? मी जिच्याकडे कामाला आहे त्या पेठेबाई म्हणाल्या, "तू लिही गं. टाचण्या मी टोचते." म्हणून धीर केला.

मी यवतमाळ जिल्ह्यातली. गावातली शाळा सातवीला संपायची. आठवीला नाल्यापलीकडच्या गावात जावं लागे. नाल्याला पाणी असलं की शाळा बुडायची, आणि पाणी नसलं की शेतात काम असायचं. असं करत करत शाळा कधी सुटली ते मलाही कळलं नाही. लग्न होऊन मुंबईला आले. नवरा परळला एका इमारतीत लिफ्टवर कामाला, खोली नायगावच्या बीडीडी चाळीत, तीही पोटभाड्याने. शेजारच्या काकूंनी दादरच्या एका प्रकाशनात झाडलोट आणि पार्सलं बांधायचं काम मिळवून दिलं. त्या काकूंचे उपकार मी अजून मोजलेले नाहीत, मोजणारही नाही.

आमचं प्रकाशन अगदी छोटं. गोष्टी, कविता आम्ही काढत नाही. मुलांसाठी माहितीची पुस्तकं काढतो. किल्ले कसे बांधले, आकाशात काय आहे, पोटात काय चालतं, रोग कुठून येतात, असली. पेठेबाई चालवतात. त्या आधी शाळेत विज्ञान शिकवायच्या, त्यामुळे आजही कोणाशीही बोलताना हातात खडू असल्यासारखी दोन बोटं पुढे धरतात.

पहिल्या महिन्यातली गोष्ट. पार्सलाला खळ लावता लावता रद्दीतलं एक पान मी वाचत होते. पेठेबाई मागे येऊन उभ्या राहिल्या.

"काय वाचतेस?"

"काही नाही बाई. पुसतच होते."

"कळलं का?"

खोटं बोलायला हवं होतं, पण घाबरल्यावर माझ्या तोंडून खरंच बाहेर पडतं. "नाही."

"कुठे अडलीस?"

ते काही मला सांगता येईना. हातात पार्सलाची टाचणी होती, ती मी ओळीवर टोचली. बाईंनी ती ओळ वाचली, पुन्हा वाचली, आणि चष्मा काढून म्हणाल्या, "अगं, हे मलाही कळलेलं नाही. मी फक्त मान डोलावली होती."

दुसऱ्या दिवसापासून माझं काम बदललं. लेखकाचं लिखाण आलं की ते कागदावर छापून आधी माझ्याकडे यायचं. जिथे अडलं तिथे टाचणी. बोलायचं नाही, लाजायचं नाही, कारण द्यायचं नाही. नुसती टाचणी. मग त्या टाचण्यांसकट कागद लेखकाकडे परत. लेखकाने ती जागा सुधारली की टाचणी निघते. सोपं काम आहे. फक्त न समजल्याचं मान्य करायचं, आणि ते मला चांगलं जमत होतं.

लेखकांना मात्र ते पचायचं नाही. आकाशाच्या पुस्तकाचे एक लेखक होते, मोठे अभ्यासू गृहस्थ. त्यांचा पहिला धडा परत गेला तेव्हा त्यात इतक्या टाचण्या होत्या की तो कागद टेबलावर सपाट बसेना. ते तावातावाने दादरला आले.

"साळिंदर पाठवलंय मला तुम्ही! कोण आहेत हे तुमचे तज्ज्ञ?"

पेठेबाईंनी माझ्याकडे बोट केलं. मी कप विसळत होते.

"ह्या? शिक्षण काय ह्यांचं?"

"सातवी," मी म्हटलं.

"सातवी!"

"आणि पुस्तक कितवीच्या मुलांसाठी आहे?" पेठेबाईंनी विचारलं.

ते खुर्चीत बसले. पाणी प्यायले. मग एका टाचणीवर बोट ठेवून जरा खालच्या आवाजात म्हणाले, "बरं, इथे काय अडलं? 'सूर्य अब्जावधी वर्षं जळतो आहे.' सरळ तर आहे."

"जळतो म्हणता, मग राख कुठे पडते?"

त्यांनी कागद खाली ठेवला. मला वाटलं, गेली नोकरी. पण ते एकदम हसायला लागले, इतके की त्यांना ठसका लागला. "पडत नाही हो. आतच साठते. आणि लाकूड जळतं तसा तो जळतही नाही. हे तर मी कुठे लिहिलंच नाही!" त्यांनी तो धडा नव्याने लिहिला. त्याचं नावच त्यांनी 'सूर्याची राख' ठेवलं. मुलांना पुस्तकातला तोच धडा सगळ्यात जास्त आवडतो, हे मी अभिमानाने सांगते, म्हणजे हळू आवाजात सांगते.

शाळांमधून आम्ही पुस्तकांची प्रदर्शनं लावतो. तिथे मीच बसते. तिथली गिऱ्हाइकं हा वेगळाच विषय आहे. एक आजोबा दर वर्षी येऊन विचारतात, "नातू मोबाइल खाली ठेवेल असं काही आलंय का यंदा?" एकदा एक आई जंतांचं पुस्तक परत करायला आली. म्हणाली, "ताई, पुस्तक चांगलंय, पण हा ते जेवताना मोठ्याने वाचतो. सासरे ताटावरून उठून जातात." मी तिला हाडांचं पुस्तक बदलून दिलं. पुढच्या वर्षी ती पुन्हा आली. आता मुलगा पाहुण्यांच्या बरगड्या मोजतो म्हणे.

अशी सात-आठ वर्षं वाचल्यावर एक अडचण झाली. मला समजायला लागलं. पेशी काय, जंतू काय, शिलालेख काय, सगळं पुन्हा पुन्हा वाचून ओळखीचं झालं. टाचण्या कमी व्हायला लागल्या आणि माझी झोप उडाली. न समजण्याचा तर मला पगार! समजायला लागलं म्हटल्यावर मला ठेवतील कशाला? म्हणून मी काय केलं, तर चार खोट्या टाचण्या टोचल्या.

पेठेबाईंनी हाक मारली. "वंदना, इकडे ये. 'पाणी उंचावरून खाली वाहते.' यात तुला काय अडलं?"

मी डबीचं झाकण घट्ट लावायला लागले.

"नाल्याकाठची ना तू?"

मला रडू यायला लागलं. खरं काय ते सांगून टाकलं. बाई आधी हसल्या, मग नाही हसल्या. म्हणाल्या, "अगं, पूर्वी तू शब्दाला अडायचीस. आता तू विचाराला अडशील. ते जास्त कामाचं आहे. पण खोटी टाचणी टोचू नकोस. माझा सगळा धंदा तुझ्या टाचणीवर आहे."

त्यांचं हे बोलणं मी मनात जपून ठेवलं, आणि तरीही पुढे चुकले. ती चूक सांगायलाच खरं तर हे लिहिते आहे.

लालबागचे राऊळसर इतिहासाचे शिक्षक. निवृत्त झाले होते. गिरणी कामगाराच्या घरातले. त्यांनी मुलांसाठी रोगांच्या इतिहासाचं पुस्तक लिहिलं होतं. प्लेग, देवी, क्षय. जुन्या मुंबईत लोक रोगांना कसे घाबरत, काय काय उपाय करत, मग औषधं कशी आली. सुंदर लिहिलं होतं. ते पहिल्यांदा दादरला आले तेव्हा मी चहा घेऊन गेले, तर ते उठून उभे राहिले. "वंदनाताई ना? बसा तुम्ही. तुमच्या टाचण्यांबद्दल खूप ऐकलंय." स्वतःच्या कपातला अर्धा चहा त्यांनी बशीत ओतून मला दिला. मुंबईत इतकी वर्षं काढली, पण आपण उभं राहून मला 'बसा' म्हणणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

त्यांचं पुस्तक मी जीव लावून वाचलं. क्षयाच्या धड्यात एके ठिकाणी होतं, की हा रोग खोकल्यातून, हवेतून पसरतो. दोन पानं पुढे होतं, की पूर्वी घरात क्षयाच्या रोग्याचं ताट-वाटी वेगळं ठेवत. आणि त्याच्यापुढे एक वाक्य होतं: 'ही काळजी आजही घ्यावी.'

मी अडले. रोग हवेतून पसरतो, तर मग त्या ताटाने काय केलं? टाचणी टोचली.

पण मग मनात आलं, सर एवढे शिकलेले, एवढे मानाने वागवणारे. त्यांचं पुस्तक जवळजवळ स्वच्छ होतं, सगळ्या मिळून पाचच टाचण्या. आपण त्यांच्या क्षयाच्या धड्यात नाक खुपसायचं? असेल काहीतरी. आपल्यालाच कळत नसेल. मी ती टाचणी काढून घेतली.

आमची विज्ञानाची पुस्तकं छापण्याआधी एका डॉक्टरांना दाखवतो. हे पुस्तक इतिहासाच्या खात्यातलं, म्हणून ते डॉक्टरांकडे गेलंच नाही. टाचणी नाही म्हणून पेठेबाईही त्या वाक्याशी थांबल्या नाहीत. पुस्तक छापून आलं, आणि पहिलंच प्रदर्शन भोईवाड्याजवळच्या एका शाळेत लागलं. त्रेचाळीस प्रती हातोहात गेल्या. मी खुशीत घरी जाताना नवऱ्यासाठी जिलबी नेली.

चार दिवसांनी फोन वाजला. बोलणाऱ्या बाई दवाखान्यात नर्स होत्या. त्यांचा मुलगा त्याच शाळेत.

"पुस्तक चांगलंय हो तुमचं. पण मी दिवसभर लोकांना घसा फोडून सांगते, भांडी वेगळी करू नका, त्याने काही होत नाही, माणूस उगाच तुटतो. आणि घरी आले तर माझाच मुलगा मला तुमचं पुस्तक उघडून दाखवतो! 'आई, छापलंय,' म्हणतो. आता बोला."

माझ्या हातातून फोन पेठेबाईंनी घेतला. बोलणं झाल्यावर त्यांनी कपाटातून तो टाचण्यांचा कागद काढला, पान शोधलं आणि खिडकीशी उजेडात धरलं. टाचणी कागदात शिरून पुन्हा वर येते, म्हणून भोकं दोन पडतात. त्या वाक्यापाशी दोन बारीक भोकं होती. त्यातून उजेड येत होता.

"इथे टाचणी होती."

"हो."

"कोणी काढली?"

"मी."

"का?"

"सरांनी मला बशीत चहा दिला होता."

माझं सामान आवरायला दोन मिनिटं लागली असती, डबी आणि एक स्वेटर. पण बाई म्हणाल्या, "टाचणी टोचायचा हक्क तुझा. काढायचा नाही. ती लेखकाने उत्तर देऊन काढायची. समजलं? आणि आता रडून उजेड पाडू नकोस, चिठ्ठ्या छापून घेऊ."

मग चिठ्ठ्या छापल्या, त्या वाक्यावर बरोब्बर बसतील एवढ्या. डॉक्टरांनी तपासून दिलेल्या: 'पण क्षयरोग ताट, वाटी किंवा एकत्र जेवण यांतून पसरत नाही. रोग्याला वेगळं पाडू नये.' राऊळसर लालबागहून आले. मी त्यांच्या नजरेला नजर देईना. त्यांनी बाह्या सरसावल्या आणि माझ्या शेजारी बसून खळ लावायला घेतली. पाच-सहा प्रती झाल्यावर म्हणाले, "ताई, माझ्या वडलांचं ताट वेगळं होतं. पांढरं, निळ्या काठाचं. खिडकीत असायचं. आई ते चिमट्याने उचलायची. सगळं पुस्तक मी पुराव्यानिशी लिहिलं, तेवढं एक वाक्य मात्र आईचं ऐकून लिहिलं. तुम्ही ती टाचणी ठेवली असतीत तर मला बरं वाटलं असतं."

"तुम्हाला वाईट वाटेल असं वाटलं सर."

"वाटलं असतंच की. मग बरं वाटलं असतं."

गोदामातल्या सगळ्या प्रतींना चिठ्ठ्या लावून झाल्या. राहिल्या त्या विकलेल्या त्रेचाळीस. शाळेतल्या सावंतबाईंनी पुस्तक घेतलेल्या मुलांची यादी दिली आणि सगळ्यांना पुस्तकं आणायला सांगितली. मधल्या सुट्टीत मी स्टीलच्या डब्यात खळ घेऊन व्हरांड्यात बसले. मुलं रांगेत. एकाने विचारलं, "टीचर, पुस्तकाला लस देताय का?" तेव्हापासून सगळे बाही वर करून पुस्तक पुढे करायला लागले. मीही चिठ्ठी लावून झाली की म्हणायचे, "झालं, दुखलं नाही ना?"

बेचाळीस झाली. एक राहिली. श्रावणी परब, सहावी. आठ दिवस शाळेत आलेली नव्हती.

"नायगावला बीडीडीत राहते," सावंतबाई म्हणाल्या. लग्नानंतर मी आले तीच वस्ती, पण तिची चाळ पाडायला घेतलेली. माणसं चहूकडे भाड्याने पांगलेली. मी पहिल्या चाळीत विचारलं, तर परब चार निघाले. एका परबांनी मला निवडणुकीची समजून नळाची तक्रार सांगितली. दुसऱ्या घरच्या मावशी म्हणाल्या, "कुठलो परब? वॉचमन? तो गेलो भोईवाड्याक, देवळाच्या पाठी." देवळामागे दोन जिने चढून मी त्या खोलीशी पोचले तेव्हा दुपारचे बारा वाजले होते.

खोलीत जेवणं चालली होती. एक मुलगी आणि तिचा धाकटा भाऊ मधोमध जमिनीवर. बाप लांब, खिडकीशी, पाठमोरा. त्याच्या ताटाच्या काठावर लाल नेलपॉलिशचा मोठा ठिपका होता. मला काही विचारावं लागलं नाही.

श्रावणी उठून उभी राहिली. "तुम्ही पुस्तकवाल्या ना? पुस्तक मस्त आहे. मी सगळं पाळते. पप्पांचं ताट मी वेगळं केलं."

"शाळेत का येत नाहीस गं?"

"मी गेले की हा पप्पांच्या ताटात जेवतो," भावाकडे बोट दाखवून ती म्हणाली. "मम्मी कामावर असते. लक्ष कोण ठेवणार?"

परब ओशाळून हसले. "चार महिने गोळ्ये चालू आसत. डॉक्टर म्हणतत, आता माझ्यापासून कोणाक भ्या नाय. पण ह्या चेडू, आमची श्रावणी, पुस्तक वाचता, तसा वागता. तिका नको कशाला म्हणू? म्हटलंय, मी बसतंय खिडकीत. वारो बरो लागता."

मी डबा उघडला. पुस्तक मागितलं. श्रावणीने ते छातीशी धरलं.

"काय करणार त्याला?"

"एक वाक्य चुकलंय. ते झाकायचंय. ताट वेगळं करायची गरज नाही गं."

"पण छापलंय!" तिचा चेहरा लाल झाला. "पुस्तक खोटं बोलतं?"

वाटेत मी बरीच उत्तरं तयार केली होती. सरांचं, डॉक्टरांचं, खात्याचं. ती सगळी बाजूला सारून म्हटलं, "पुस्तक नाही. मी. मला ते वाक्य पटलं नव्हतं. मी तिथे टाचणी लावली होती, आणि मग भीतीने काढली. कोणाला विचारलंच नाही."

"विचारायचं ना मग!"

"हो. विचारायचं होतं."

तिने पुस्तक माझ्यापुढे टाकलं. मी चिठ्ठी लावली, तळव्याने दाबली. तिने ती दोनदा वाचली. मग हात पुढे केला. "टाचणी द्या."

"कशाला?"

"मला अडलंय. ताटातून पसरत नाही, मग खोकताना तोंडावर रुमाल का धरायचा? आणि गोळ्या खाऊन बरं वाटलं तरी गोळ्या का खायच्या? पप्पा रोज विचारतात. हे चिठ्ठीत नाहीये."

मी डबीच तिच्या हातात दिली. तिने दोन टाचण्या टोचल्या. पुढच्या आवृत्तीत ते दोन परिच्छेद राऊळसरांनी लिहिले आणि डॉक्टरांनी तपासले. टाचण्या काढायला सर स्वतः त्या खोलीत गेले होते.

पण त्या दुपारचं सांगते. श्रावणीने खिडकीतलं ताट उचललं, मोरीत नेलं आणि तो लाल ठिपका घासायला लागली. राखेने घासला, तारेने घासला. निघेना. भाऊ हसायला लागला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. परब म्हणाले, "ऱ्हवांदे गो, लाल तर लाल."

"नाही," ती म्हणाली. ताट तसंच ओलं आणून तिने मधोमध ठेवलं, स्वतःच्या ताटाला चिकटून. मग कपाटातून नेलपॉलिशची बाटली काढली. आधी स्वतःच्या ताटाला ठिपका. मग भावाच्या. मग मम्मीचं ताट मांडणीवरून काढून त्याला. मग वाट्या. बाटली संपत आली तरी ती थांबेना.

परब सरकून मुलांच्यात येऊन बसले आणि मला म्हणाले, "बसा ताई, आमटीभात खावा." मी नको नको म्हणेपर्यंत श्रावणीने माझ्यापुढे ताट ठेवलंही. काठाकडे बोट दाखवून म्हणाली, "जरा जपून धरा हां. ओलाय अजून."